धंद्याचं पुस्तक, व्हाया डोंबिवली

"ताई, तू एवढी पुस्तकं वाचतेस ना? मग धंदा कसा करायचा ते सांगणारं एखादं पुस्तक सुचव की!"

रात्री पावणेबाराला मावसभावाचा व्हॉट्सअॅप. खाली एकही स्मायली नाही. आमच्या खानदानात स्मायलीशिवाय मेसेज आला की समजायचं, मॅटर सीरियस आहे!

हा पठ्ठ्या मेकॅनिकल इंजिनीअर. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत पाच वर्षं नाइट शिफ्ट मारली, वैतागला, राजीनामा टाकला आणि डोंबिवली एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन पुठ्ठ्याचे खोके बनवायला लागला. केकचे, मिठाईचे, दिवाळीच्या फराळाचे. जुनं मशीन स्वतःच्या सेव्हिंगमधून घेतलं आणि कच्च्या मालासाठी चार लाख दिले मावशीने. तिच्या रिटायरमेंटच्या पैशांतून. म्हणजे प्रश्न पुस्तकाचा असला तरी त्याच्या मागे मावशीचे चार लाख उभे होते.

आणि विचारलं कोणाला, तर मला! मी मास कॉमवाली. आमच्या कोर्सला 'मीडिया मॅनेजमेंट' नावाचा एक पेपर होता, त्यात मला शंभरपैकी बावन्न. तेवढाच माझा बिझनेसशी संबंध. नेटवर शोधलं तर सगळीकडे तीच दहा इंग्रजी नावं, त्याच क्रमाने. म्हटलं, बॉस, हे तर तोही शोधू शकतो. मग ठरवलं की शनिवारी स्लो लोकल पकडायची आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जिथे पुस्तकं आहेत, तिथे उतरायचं. आपल्या या पट्ट्यात काय कमी लायब्रऱ्या आहेत?

सुरुवात ठाण्यातून. स्टेशनबाहेर फुटपाथवर प्लास्टिक अंथरून एकाने पुस्तकं मांडली होती. वरच्या रांगेत रॉबर्ट कियोसाकीचं 'रिच डॅड पुअर डॅड', इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी. त्याच्या बाजूला पीटर थीलचं 'झिरो टू वन'. छपाई अशी की पान उलटलं की शाई बोटाला. "मॅडम, धंद्याचं पाहिजे ना? हेच चालतं," विक्रेता म्हणाला. चालतं हे खरंच आहे. 'रिच डॅड' १९९७ चं, तरी अजून स्टेशनाबाहेर टिकून आहे. पण खरं सांगायचं तर ते नोकरी सोडायची हिंमत देणारं पुस्तक आहे. आमच्या हिरोने नोकरी आधीच सोडली होती! 'झिरो टू वन' २०१४ चं. जगात आधी नसलेली गोष्ट कशी बनवायची, त्याबद्दल. भारी आहे, पण खोका ही जगात आधीपासून असलेली गोष्ट आहे.

विक्रेत्याला मी विचारलं, "तुम्ही हा माल कसा घेता?" "रोख," तो म्हणाला. "आणि विकता?" "रोख." मग माझ्याकडे जरा संशयाने बघून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. हे उत्तर मला संध्याकाळी आठवणार होतं, पण तेव्हा मी मिसळीच्या विचारात होते. ठाण्यात उतरून मामलेदारची मिसळ खाल्ली नाही तर पाप लागतं. नाकाडोळ्यांतून पाणी काढून मग निघाले मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे.

ही संस्था १ जून १८९३ ची. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे तिच्या संस्थापकांतले प्रमुख, आणि तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते! आजच्या भाषेत सांगायचं तर विशीतला फाउंडर. त्यांच्या 'व्हेंचर'ला सव्वाशेच्या वर वर्षं झाली आणि ते अजून चालू आहे.

तिथे मी "स्टार्टअपची पुस्तकं कुठे?" असं विचारलं. काउंटरवरच्या काकूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्योगाचं हवंय ना? मग चरित्रांकडे बघ." मला आधी ते विचित्र वाटलं. पण नीट विचार केला तर मराठीत धंद्याचं ज्ञान खरंच तिथेच साठलंय. धंदा कसा करावा हे आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही. मी कसा केला, कसा आपटलो, हे म्हातारपणी सांगतात.

मी शोधत होते किर्लोस्कर. शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेलं लक्ष्मणरावांचं चरित्र 'यांत्रिकाची यात्रा', आणि शंतनुरावांचं आत्मचरित्र 'कॅक्टस अँड रोझेस'. लक्ष्मणरावांची गोष्ट शाळेत ऐकलेली असते, पण फाउंडरच्या नजरेने वाचली की वेगळीच दिसते. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारा माणूस बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडतो (ओळखीचं वाटतंय ना?). बेळगावात भावाबरोबर सायकली विकतो. मग लोखंडी नांगर बनवतो. आणि शेतकरी म्हणतात, लोखंडाने जमीन विषारी होते! पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. जागा आणि कर्ज औंधच्या राजांनी दिलं. आपल्या आवडत्या भाषेत त्यांना 'एंजल इन्व्हेस्टर' म्हणा हवं तर.

एरिक रीसचं 'द लीन स्टार्टअप' २०११ चं. त्यात सांगितलंय की आधी वस्तूचं कामचलाऊ रूप बाजारात आणा, गिऱ्हाईक काय करतंय ते मोजा, मग सुधारा. अगदी पटण्यासारखं. फक्त त्या मधल्या काळात घर कसं चालवायचं, या प्रश्नाला त्यात फारशी जागा नाही. किर्लोस्करांच्या चरित्रात मात्र ती दोन वर्षं आहेत.

शिवाय १९२० साली या मंडळींनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं घरचं पत्रक पुढे 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्राचं लाडकं मासिक झालं. ज्याला आज आपण 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून पंचवीस हजारांचा कोर्स विकतो, ते हे.

पुस्तकं नोंदवून घेतली आणि स्टेशन गाठलं. जाता जाता वागळे इस्टेट आठवली. १९६२ मध्ये एमआयडीसी सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या वसाहतींपैकी ही एक. आता तिथे लेथपेक्षा लॅपटॉप जास्त दिसतात. गाळा हवा असलेला नवा पोरगा म्हणून पुढे सरकतो. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर... जिथे भाडं परवडेल तिथे.

लेडीज डब्यात विंडो मिळाली. कळवा, मुंब्रा, दिवा... खाडीचं पाणी आणि मागे डोंगर. पर्समध्ये दोन इंग्रजी पुस्तकं होती. एक रॉब फिट्झपॅट्रिकचं 'द मॉम टेस्ट', २०१३ चं. छोटंसं, अफलातून. मुद्दा असा की तुमची आयडिया कशी वाटली हे आईला विचारू नका, ती प्रेमापोटी खोटं बोलेल. त्याऐवजी गिऱ्हाइकाला विचारा की हे काम तू मागच्या वेळी कसं केलंस, किती पैसे दिलेस. पुढे काय करशील ते नको, मागे काय केलंस ते सांग. अगदी कामाचं! एवढंच की लेखक कधी डोंबिवलीच्या आईला भेटलेला नाही. ती आयडियाचं कौतुक कधीच करत नाही. ती म्हणते, "पीएफ मिळत होता ना रे तिथे?"

दुसरं मायकेल गर्बरचं 'द ई-मिथ रिव्हिजिटेड', १९९५ चं. यात सारा नावाची एक पाय बनवणारी बाई आहे. पाय म्हणजे आपल्याकडच्या करंजीचा गोऱ्या बाजूचा चुलत भाऊ म्हणा. हाताला चव आहे म्हणून ती दुकान काढते आणि थकून थकून पाय या शब्दाचाच तिला वीट येतो. गर्बर म्हणतो, काम उत्तम येणं आणि त्या कामाचा धंदा चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या पोळीभाजी केंद्रांत अशा कितीतरी सारा आहेत. ठाणे-डोंबिवलीत कोणाला एकच इंग्रजी पुस्तक द्यायचं असेल तर मी हे देईन.

तेवढ्यात डब्यात क्लिपा-टिकल्या विकणारी ताई आली. समोरच्या मुलीने दोन पाकिटं घेतली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात देते गं." ताईने कमरेची छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि तिच्यासमोर धरली. "बघून घे. मागचे चाळीस, आजचे साठ." मुलीने मान डोलावली. कोपर गेलं, डोंबिवली आलं.

डोंबिवलीला पुस्तकांसाठी यावं हे काही नवीन नाही. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांचं हे गाव. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावं साहित्य संमेलन इथेच झालं. पण मला बघायची होती पै फ्रेंड्स लायब्ररी. पुंडलिक पै यांनी १९८६ मध्ये ती सुरू केली. पुढे तिच्या शाखा निघाल्या आणि पुस्तकांच्या आदानप्रदानाचे मोठे सोहळेही त्यांनी डोंबिवलीत भरवले.

मला इथे एक गंमत वाटली. आपण लायब्ररीला 'सांस्कृतिक कार्य' म्हणून हार घालतो आणि विसरून जातो की खासगी लायब्ररी हा एक धंदा आहे. त्यातही कसला! वर्गणी आधी, पुस्तक नंतर. डिपॉझिट हातात. नेटफ्लिक्सवाले जे करतात तेच. मालकाच्या खिशात महिन्याच्या सुरुवातीला पैसा आणि खर्च नंतर. मी कपाटांसमोर उभी राहून हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. कशासाठी ते अजून नक्की माहीत नव्हतं.

अशा लायब्रऱ्यांत उद्योगाची पुस्तकं शोधायची तर दोन नावं सांगते. एक विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी!' चर्चगेटच्या 'सत्कार'पासून विलेपार्ल्याच्या पंचतारांकित 'ऑर्किड'पर्यंतचा प्रवास. लोक ते प्रेरणादायी म्हणून वाचतात. मला त्यातलं कर्जाचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं, कारण यशस्वी माणसं कर्जाबद्दल सहसा इतकं मोकळं बोलत नाहीत. दुसरं रश्मी बन्सल यांचं २०१० चं 'कनेक्ट द डॉट्स'. एमबीए न केलेल्या वीस जणांच्या गोष्टी. त्यात वाशीच्या 'दोसा प्लाझा'चे प्रेम गणपती आहेत, बीव्हीजीचे हणमंत गायकवाड आहेत आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'वाले परेश मोकाशीसुद्धा! सिनेमा काढणं म्हणजे धंदाच, हे त्यात दिसतं. एका बैठकीत संपतं. मात्र एक तक्रार आहे. अशा पुस्तकांत अडचण दोन परिच्छेदांत येते आणि तिसऱ्यात सुटते. खऱ्या आयुष्यात तो मधला परिच्छेद अकरा महिन्यांचा असतो.

फडके रोडवर वडापाव खाऊन शेअर रिक्षाने एमआयडीसी. घरडा सर्कल, पेंढरकर कॉलेज. हे के. व्ही. पेंढरकर कोण, हे तिथे शिकलेल्या किती जणांना माहीत असेल? केशव विष्णू पेंढरकर, म्हणजे 'विको'चे संस्थापक. १९५२ मध्ये मुंबईत परळला त्यांनी दंतमंजनापासून सुरुवात केली, सुरुवातीला दारोदार विकून. पुढे कंपनीचा कारखाना डोंबिवलीत आला. लहानपणी सिनेमाच्या आधी लागणारी त्यांची जाहिरात आठवतेय? आपलं क्रीम कॉस्मेटिक नाही, असं त्यात आवर्जून सांगितलेलं असायचं. मला ते कायम मार्केटिंग वाटायचं. पण हाच प्रश्न कोर्टातही होता! माल आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी कर किती ते ठरणार होतं आणि तो वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल विकोच्या बाजूने लागला. आज जीएसटीत आपला माल कुठल्या कोडमध्ये बसतो म्हणून डोकं खाजवणाऱ्या प्रत्येकाने ही केस वाचावी. सिलिकॉन व्हॅलीच्या पुस्तकांत हे प्रकरण येत नाही.

फेज टूमध्ये भावाचा गाळा. बाहेर रसायनांचा तो टिपिकल वास. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही स्फोटांच्या तारखा इथे कोणालाही विचारा, तोंडपाठ आहेत. शेजारच्या गाळ्यात एक काका तीस वर्षं लेथ चालवतात. "पोरी, याला आधी विम्याचं पुस्तक दे," त्यांनी मला पहिलं वाक्य हे ऐकवलं. दुसऱ्या स्फोटात त्यांच्या काचा गेल्या होत्या. भावाने विमा काढला होता का? मशीनचा काढला होता. मालाचा नाही.

चहा आला. मी आणलेली पुस्तकं टेबलावर ठेवली. त्याने 'लीन स्टार्टअप' उचललं, "हे वाचलंय," म्हणाला. 'झिरो टू वन'सुद्धा वाचलेलं. बेन होरोवित्झचं २०१४ चं 'द हार्ड थिंग अबाउट हार्ड थिंग्ज'सुद्धा. त्यातल्या झोप उडालेल्या रात्री त्याला फार आवडल्या होत्या. "पण ताई, त्याची कंपनी शेवटी एचपीने एकशेसाठ कोटी डॉलरला घेतली. मला एक लाख दहा हजार कमी पडतायत."

मग त्याने सगळं सांगितलं. एकच मोठी पार्टी आहे, मिठाईवाल्यांना पॅकिंग पुरवणारी. ऑर्डर दोन लाखांची. त्यात कागद एक लाख वीस हजारांचा. मजुरी, भाडं, वीज, टेम्पो मिळून पन्नास हजार. नफा तीस हजार. झकास! पण कागदवाला नवीन माणसाला उधार देत नाही, त्याला रोख लागतं. आणि पार्टी पैसे देते नव्वद दिवसांनी. पहिली ऑर्डर केली, एक लाख सत्तर गेले. दुसरी केली, आणखी एक लाख सत्तर. मावशीच्या चार लाखांतले उरले साठ हजार. आता तिसरी ऑर्डर आली होती आणि ती घ्यायला पैसेच नव्हते. वर जीएसटी तर बिल फाडलं की भरायचा, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत.

"म्हणजे तू फायद्यात आहेस," मी म्हणाले.

"साठ हजारांच्या फायद्यात," तो म्हणाला, "आणि पुढच्या महिन्याचं भाडं नाही."

इथे मला पहिल्यांदा कळलं की त्याला हवं असलेलं पुस्तक माझ्या पिशवीत नाही. सगळी पुस्तकं आयडिया, टीम, गिऱ्हाईक, हिंमत यांवर. आपल्या घामाचे पैसे कधी येणार, हा विषय कुठल्याच मुखपृष्ठावर नव्हता.

खरं तर कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असतात, करारात नव्वद लिहिले तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही नियम आला की अशी थकबाकी वेळेत चुकवली नाही तर ती चुकवेपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येत नाही. भावाने उद्यम रजिस्ट्रेशन केलं होतं, बँकेत खातं उघडायचं म्हणून. पण तो नंबर बिलावर छापलाच नव्हता! पहिल्या बिलाला सत्तर दिवस झाले होते.

"दाखव की मग कायदा त्यांना," मी तावातावाने म्हणाले.

लेथवाले काका हसले. "दाखव. पैसे येतील. चौथी ऑर्डर येणार नाही."

कोणी काही बोललं नाही. माझं अजून कल्याण बाकी होतं. मी भावाला म्हटलं, "चल, शटर ओढ. तूही ये." ठाकुर्ली आणि मग कल्याण, दहा मिनिटांचा प्रवास. दारात उभा राहून तो बाहेर बघत होता.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. रेल्वे कल्याणला आली १८५४ मध्ये, म्हणजे गाडीच्या मागोमाग दहा वर्षांत पुस्तकं आली. आणि कल्याणचा व्यापार तर त्याहून अठराशे वर्षं जुना. इ.स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कल्याण बंदराचं नाव आहे. त्यात लिहिलंय की आधी इथे बाजार खुला होता, मग राज्यकर्ता बदलला आणि इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. मी हे भावाला सांगितलं. "म्हणजे तेव्हापासून वरून नियम बदलतायत," तो म्हणाला. दिवसातला त्याचा पहिला विनोद.

वाचनालयात फार वेळ मिळाला नाही. कपाटांतून फिरताना त्याने 'यांत्रिकाची यात्रा'बद्दल विचारलं, मी त्याला सहा नांगरांची गोष्ट सांगितली. तो थांबला. "दोन वर्षं? मग खात काय होते?" मी म्हटलं, तेच शोधायला वाच. मग जुन्या कल्याणात जाऊन खिडकी वडा. घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली म्हणून हे नाव. दुकान नाही, इंटिरिअर नाही, खिडकी! आम्ही रांगेत उभे होतो. पुढचा माणूस पैसे देत होता, वडा घेत होता, बाजूला होत होता.

"ताई," भाऊ म्हणाला, "आज दिवसभर आपण जिथे जिथे गेलो, तिथे सगळे पैसे आधी घेतात."

मला फुटपाथवाला आठवला. लायब्ररीची वर्गणी आठवली. डब्यातली ताई उधार देते, पण तिची वही गिऱ्हाइकाला दाखवून लिहिलेली असते.

रात्री डोंबिवलीला मावशीकडे जेवायला. मावशी एका सहकारी बँकेत तीस वर्षं काउंटरवर होती. इतके महिने तिने एकदाही हिशेब विचारला नव्हता. मुलाला वाईट वाटेल म्हणून. त्यानेही सांगितला नव्हता. आईला टेन्शन येईल म्हणून. जेवणानंतर मी सरळ विषय काढला. भाऊ माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. मावशीने सगळं ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, "तुझी रोकड वही कुठंय?"

"एक्सेल आहे."

"त्यात काय लिहितोस?"

"विक्री. आणि खर्च."

"कोणाकडून किती यायचेत, कोणत्या तारखेला, ते?"

तो गप्प. मावशी उठली आणि कपाटातून एक पुस्तक घेऊन आली. शेजारच्या मुलीला ती कॉमर्स शिकवते, तिचं. अकरावीचं 'पुस्तपालन आणि लेखाकर्म', बालभारतीचं! बालभारतीच्या साइटवर त्याची पीडीएफ फुकट आहे, मी नंतर पाहिली. इंजिनीअर साहेबांनी आयुष्यात डेबिट-क्रेडिट वाचलेलं नव्हतं. मीही नाही. आम्ही दोघं, एक बी.ई. आणि एक बी.एम.एम., रात्री नऊ वाजता अकरावीच्या पुस्तकावर वाकून बसलो होतो. धनको म्हणजे आपण ज्याचे देणे लागतो तो, ऋणको म्हणजे ज्याच्याकडून यायचे तो. मला ही दोन नावं कायम उलटी वाटायची.

मावशीने वहीत तीन रकाने पाडले. कोणाकडून, किती, कधी. मग म्हणाली, "कायद्याचा नंबर उद्यापासून बिलावर छाप, पण भांडू नकोस. त्या माणसाला सांग, तिसरी ऑर्डर करतो, फक्त कागदाचे पैसे आधी दे. बाकीचे नव्वद दिवसांनी देशील तरी चालेल."

"आई, नाही म्हणाला तर?"

"तर तुझ्याकडे साठ हजार आहेत. त्यात लहान ऑर्डर घे. केकवाल्या बायका रोख देतात ना?"

"त्यांचे खोके पाचशे-पाचशेचे असतात."

"मग?"

फोन तिथेच लागला. स्पीकरवर नव्हता, पण समोरचा आवाज मोठा होता. आधी हसणं, मग "अरे, आपली ही सिस्टिम नाही," मग दिवाळीच्या सीझनबद्दल बरंच काही. भाऊ मध्येच अडखळला, पण मावशी समोर बसली होती. त्याने आकडा पुन्हा एकदा सांगितला. एक लाख वीस. समोरून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग, "बघतो. सोमवारी सांगतो."

फोन ठेवल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं. मावशीने वही त्याच्यापुढे सरकवली. "तिसऱ्या रकान्यात लिही. सोमवार."

मी नऊ त्रेपन्नची गाडी पकडली. डबा जवळजवळ रिकामा. पिशवीत पाच पुस्तकं तशीच होती. सहावं, 'ई-मिथ', त्याने ठेवून घेतलं होतं. दिव्याला गाडी नेहमीसारखी खोळंबली, तेव्हा मी मोबाइल काढला आणि तीन रकाने पाडायचा प्रयत्न केला. कोणाकडून, किती, कधी. पहिलं नाव लिहिलं. आठ महिन्यांपूर्वीच्या लेखाचं मानधन, साडेतीन हजार. 'कधी'च्या खाली लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून तिथे मीही सोमवार लिहिलं आणि त्यांना मेल टाकला.